दोघींची आगोट

आमच्या घरी उद्याच्या जेवणाचा विचार उद्याच करायची रीत होती. गिरगावातल्या दोन खोल्यांत साठवायचं म्हटलं तरी कुठे साठवणार? डाळ वाण्याकडून पुडीत यायची, साखर पाहुणा दारात उभा राहिल्यावर यायची, आणि कोथिंबीर तर फोडणी तडतडायला लागल्यावर. चार जिने उतरले की बाजार आणि चार जिने चढले की घर. सगळं जग असंच राहतं अशी माझी समजूत होती.

अशा घरातली मी, एकविसाव्या वर्षी, दिवाळीनंतर, चौलच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून गेले. का गेले ते विचारू नका. मुंबईत नोकरी मिळेना आणि घरात बसवेना, एवढंच कारण होतं. नवे पैसे नुकतेच आले होते. बाजारात कोणी शेरात बोले, कोणी किलोत, कोणी पायलीत, आणि मी मूळचीच गोंधळलेली. सुपारीच्या वाडीत एका घराची माडीवरची खोली मिळाली. घर वहिनींचं. त्यांचा नवरा मुंबईला गिरणीत होता, शिमग्याला नि गणपतीला यायचा. बाकी वाडी, विहीर, तीन पोरं आणि सासू, सगळं वहिनींच्याच अंगावर.

त्या खोलीत माझ्याआधीपासून शाळेतली दुसरी मास्तरीण राहत होती. पोयनाडच्या पलीकडच्या एका भातशेतीच्या गावची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, उंच, काटक, बोलायला मोजकी. वर्गात ती कधी 'गप्प बसा' म्हणत नसे. नुसती बघायची, आणि चाळीस मुली गप्प व्हायच्या. मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची आणि माझ्या वर्गात बाजार भरलेलाच.

पहिल्याच आठवड्यात मी तिच्यासमोर स्वतःचं हसं करून घेतलं. दारावर कोळीण आली, पाटीत ताजे बोंबील, अगदी काचेसारखे. मी मुंबईच्या तोऱ्यात पुढे झाले आणि म्हटलं, "चार द्या."

कोळणीने माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. "मांजराला हवेत काय गो?"

मैत्रीण पदर तोंडाला लावून हसली. (तेव्हा ती मैत्रीण नव्हती, पण त्या हसण्यानंतर झाली.) मला असा राग आला म्हणता! मी म्हटलं, आम्ही माणशी दोनच खातो. ती म्हणाली, "माणशी दोन खाऊन तुम्ही मुंबईकर एवढं बोलता कसं?" आणि तिने एक अख्खा वाटा घेतला. वाटा म्हणजे कोळीण सुपावर मांडते तो ढीग. त्या संध्याकाळी तिखट लावून तव्यावर परतलेले बोंबील मी एकटीने नऊ खाल्ले. तिने ते मोजले होते, हे मला पुढे कळलं.

तिचं माझं सगळं भांडण खाण्यावरून. रेवदंड्याहून सायकलवरून पाववाला यायचा. मला सकाळी चहात बुडवायला पाव लागे. ती म्हणे, "पाव काय खातेस, ताप आलाय का?" तिच्या गावी पाव फक्त आजाऱ्याला आणायचे. मी म्हणे, तुमची ती तांदळाची भाकरी म्हणजे पांढरा पुठ्ठा. मग ती गरम गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून पुढ्यात सरकवायची आणि मी पुठ्ठा म्हटल्याचं विसरून दोन खायची. शाळा सुटली की आम्ही दोघी बाजारात जायचो. घ्यायचं काही नसलं तरी जायचो. बांगड्या बघायच्या, कापडवाल्याला चार थानं उघडायला लावायची, आणि शेवटी आण्याचे फुटाणे घेऊन खात खात घरी यायचं. इतकं साधं होतं, पण मला ते सोडवत नव्हतं. मुंबईत माझ्या ओळखी रगड, पण जिच्याबरोबर फुटाणे खात गप्प चालता येईल अशी एकही नव्हती.

आणि सोडायची वेळ तर आली होती. मार्चच्या शेवटी दादाचं पत्र आलं. त्याच्या ओळखीने फोर्टातल्या एका कचेरीत माझ्यासाठी जागा झाली होती. टायपिंग शिकायचं, पंख्याखाली बसायचं, आणि संध्याकाळी घरी. मे संपायच्या आत होकार कळवायचा. खाली आईने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "सुट्टीत ये ती परत न जाण्यासाठीच ये. पावसाळ्यात लाँच बंद होते म्हणतात. मला घोर लागतो."

लाँच म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी. मृगाच्या आत ती बंद व्हायची, ती थेट नारळी पौर्णिमेनंतर सुरू. मधले दिवस मुंबईला जायचं तर पेण-पनवेलवरून दिवसभराचा वळसा, चिखल आणि खाडी ओलांडायला तर, म्हणजे होडी. म्हणजे मेच्या शेवटी मी जिथे असेन तिथे पावसाळाभर अडकणार, हे उघड होतं. जायचं की राहायचं? मी रोज सकाळी एक ठरवायची आणि दुपारी दुसरं. तळ्यात की मळ्यात, तळ्यात की मळ्यात, असं माझं चाललं होतं. मैत्रिणीला पत्र दाखवलं. तिने वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाली, "पंखा असेल तर बरंच आहे." एवढंच. जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. मला वाटलं होतं, निदान हात तरी धरील. मी चिडून दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही आणि तिला ते बहुधा कळलंही नाही.

एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली. वर्गातल्या नकाशांच्या गुंडाळ्या करून घरी आले तर वहिनींच्या अंगणात कांद्याचा डोंगर. पांढरा कांदा, पातीसकट, आणि एक बाई त्याच्या वेण्या घालत बसलेली. पोरीच्या केसांची घालावी तशी वेणी, मग त्याची माळ. वहिनी म्हणाल्या, "आगोट भराया घेतली." मी विचारलं, आगोट म्हणजे काय? वहिनींना मी विहीर म्हणजे काय असं विचारल्यासारखं वाटलं असावं.

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. एकदा समुद्र खवळला की होड्या बंद, ताजी मासळी नाही. बाजार भरला तर भरला. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये चार महिन्यांचं सगळं घरात आणून टाकायचं. तांदूळ, वाल, मिरची-मसाला, चिंच, आमसुलं, मीठ, सरपण, आणि मुख्य म्हणजे सुकं. वाळलेले बोंबील, सुकट, सोडे, वाकट्या. ज्याची आगोट भरली तो निर्धास्त. पाऊस पडो की वादळ होवो, त्याच्या घरात कालवण आहे.

मैत्रीण त्या रात्री जेवताना सहज म्हणाली, "तुझीही भरून टाकू या. मी दाखवते."

'तुझीही' म्हणाली की 'आपलीही'? आज इतक्या वर्षांनी शपथेवर सांगता येणार नाही. मी ऐकलं ते 'आपली'. आणि का ऐकू नये? एक चूल, एक तवा, एक पाण्याचा हंडा. मी वाल सोलायची, ती फोडणी द्यायची. सहा महिन्यांत आमच्यात माझं-तुझं कधी झालंच नव्हतं.

मी सुट्टीत घरी गेले नाही. आईला लिहिलं, थोडं काम आहे, संपवून येते. कामाचं नाव लिहिलं नाही. कप्पाळ, मासे विकत घेतेय असं कुठल्या तोंडाने लिहू?

तो मे महिना मी कधी विसरणार नाही. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही रेवदंड्याच्या कोळीवाड्यात. वाळूत काठ्यांच्या परांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, रांगाच्या रांगा. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावून फिरले. चौथ्या दिवशी मी वासावरून सांगू लागले, हा नीट वाळलाय आणि हा दमट आहे. मैत्रीण बोंबील हातात घेऊन मोडायची. कट्‌कन मोडला तर घ्यायचा, वाकला तर नाही. सुकट मुठीत धरून चोळायची आणि फुंकर मारायची, रेती उडते का बघायला. घासाघीस मी करायची, कारण तोंड माझं चालायचं. "मुंबईची बाय लई खवट हाय," कोळीण म्हणायची आणि वर मूठभर जास्त टाकायची. मला इतका अभिमान वाटायचा, मॅट्रिक झाले तेव्हासुद्धा वाटला नव्हता.

पण किती घ्यायचं, ते मात्र तीच ठरवायची. मला काय कळत होतं? ती म्हणाली मणभर तांदूळ. मी ओरडलेच, "मणभर! लग्न आहे का कोणाचं?" आमच्या घरी रेशनचे तांदूळ आठवड्याला पिशवीतून यायचे. मणाचं पोतं मी फक्त वाण्याच्या दुकानात बघितलेलं. ती म्हणाली दोनशे बोंबील, मला वाटलं ही आता दुकान टाकणार. कांद्याच्या चार माळा आल्या, त्या वहिनींच्या वीस माळांच्या शेजारी वाशाला टांगल्या. त्या बाजूला वीस आणि आमच्या चार, हे मला दिसत होतं. पण पाच माणसं आणि वीस माळा, असं गणित मांडायचं डोक्यात आलं नाही. गणित मी चौथीच्या वर्गाला शिकवत होते, बरं का.

आणखी एक गोष्ट त्या महिन्यात सुरू झाली. ती चुलीपासून उठायची आणि म्हणायची, "आज तू कर." तांदळाच्या पिठाची उकड मीच काढायची, भाकरी मीच थापायची. माझ्या भाकरीला रोज नवा आकार. ती कोपऱ्यात बसून सांगायची, पाणी कमी, हात ओला कर, आता फिरव. सुकट भाजून धुवायची की धुऊन भाजायची, सोडे किती वेळ भिजवायचे, वालाला अळी लागू नये म्हणून राख कशी चोळायची, सगळं माझ्याकडून करून घेतलं. मी वैतागून म्हटलं, "तुला अचानक राणीसारखं बसायचा शौक कुठून आला?" ती हसली. "बघू तरी तुझ्या हातचं कसं लागतं." मी मनात म्हटलं, बरं झालं, चार महिने आळीपाळीने करू.

शेवटच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला त्या दुपारी मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. वर माळा, कोपऱ्यात पोतं, फळीवर बरण्या, खाली मिठाचं मडकं. माझं स्वतःचं म्हणावं असं इतकं कधी काही नव्हतं. आणि तिथेच, कांद्यांखाली उभी असताना, माझं ठरलं. दोन महिने जे ठरत नव्हतं ते चार माळांनी ठरवलं. इतकं भरलंय ते आम्ही दोघींनी बसून खायचं, बाहेर पाऊस कोसळू दे. मी कागद काढला आणि दादाला लिहिलं, जागा दुसऱ्या कोणाला द्या, मी इथेच राहते. स्वतः टपालपेटीत टाकून आले. येताना फुटाणे घेतले. तिला म्हटलं, "मी राहतेय." ती माझ्याकडे बघून इतकी खुलून हसली की मला वाटलं, झालं, सगळं समजलं हिला.

मृगाला आठ दिवस उरले असतील. वहिनी माडीवर आल्या, पावसाच्या माऱ्यासाठी भिंतीला नारळीची झापं बांधायची होती, जागा बघायला. वर नजर टाकून म्हणाल्या, "बरी भरलीस हां एकटीची. मोजून-मापून."

"एकटीची कुठली? दोघींची आहे."

"दोघींची?" वहिनी हसल्या. "चार म्हयने, चार माळा. येका माणसाला म्हयन्याला येक. दोघी खाल तर श्रावण बी न्हाय दिसायचा." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू थांबलं. "ती सांगली न्हाय काय तुला?" असं म्हणून त्या झापं न मोजताच खाली उतरल्या.

मैत्रीण मागच्या पडवीत होती. लोखंडी ट्रंक उघडून आत लुगडी लावत होती. मी म्हटलं, "वहिनी म्हणतात ही एकटीची आगोट आहे."

"बरोबर म्हणतात."

"मग तुझी कुठे आहे?"

तिने मान वर केली. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं होतं, ते मी आजही सांगेन. "मी पावसाळ्यात इथे कुठे आहे? मी ट्रेनिंगला चालले ना. मुंबईला, एक वर्ष."

ती सांगत होती आणि मी पडवीच्या खांबाला धरून ऐकत होते. ट्रेनिंग झाल्याशिवाय तिला कायम करणार नव्हते. दोन वर्षं ती अर्ज करत होती आणि दोन्ही वर्षं मोठ्या बाईंनी अडवला होता. दोघींतली एक सोडायची तर दुसरी पावसाळाभर टिकेल याची खात्री हवी. आणि मुंबईहून येणाऱ्या मास्तरणी मेमध्ये जायच्या त्या परत यायच्याच नाहीत. पण यंदा सगळ्या गावाने बघितलं, नवी बाई आगोट भरतेय. मोठ्या बाईंनी अर्जावर सही केली.

"मला विचारलं का नाहीस?" मी ओरडले.

"आगोट भरणाऱ्या माणसाला, राहणार का, असं विचारायचं असतं?" ती म्हणाली. "तूच म्हणालीस ना, राहतेय म्हणून!"

"अगं, पण मी तुझ्यासाठी राहिले!"

झालं. बोलून गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती ट्रंकेच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला इथलं आवडलं."

"इथलं म्हणजे काय? वाल?"

तिला हसू आलं नाही, मलाही नाही. ती उठली आणि ट्रंकेतली लुगडी एक एक बाहेर काढायला लागली. "दादांना पत्र लिही. जागा अजून गेली नसेल. मी मोठ्या बाईंना सांगते, मी जात नाही." अगदी शांतपणे म्हणाली, जसं काही बाजारात काही विसरलं ते आणायला परत जायचंय. तिसरं लुगडं तिने काढलं तेव्हा मी पुढे झाले आणि सगळी उचलून परत आत कोंबली. लोक म्हणतील, मन मोठं. छे! मी संतापाने कोंबली. असं शांतपणे कोणी माझ्यासाठी काही सोडलेलं मला नको होतं. घड्या सगळ्या विस्कटल्या. तिने त्या नंतर परत घातल्या.

शेवटच्या लाँचला मी रेवसपर्यंत पोचवायला गेले. धक्क्यावर हीऽ गर्दी, बोचकी, कोंबड्या, आंब्याच्या पाट्या. ती म्हणत होती, "वालाला मधून मधून ऊन दाखव. उघडीप मिळाली की लगेच. सुकटीच्या बरणीत ओला हात घालू नकोस." मी म्हटलं, "आग लागो त्या सुकटीला. एक सांग. मला पत्र आलं तेव्हा तू राहा का नाही म्हणालीस?"

"म्हटलं असतं, तर तू माझ्यासाठी राहिली असतीस," ती म्हणाली. "मग मी जायची कशी?"

मग तीच म्हणाली, आणि आवाजात राग होता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, "आणि तू तरी मला कधी विचारलंस का, मला काय हवंय ते?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही. मी माझंच जायचं-राहायचं घेऊन बसले होते. ती शिडीवरून आत गेली. ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती. लाँच सुटली तरी मला कळेना, ही मला फसवून चालली की माझी सोय करून चालली. आणि खरं सांगते, मी तेव्हा फक्त एवढाच विचार केला, की आज संध्याकाळी काय खायचं.

पावसाळा आला. मी एकटी. मुली ओल्या गच्च होऊन शाळेत यायच्या, त्यांच्या पाट्या मी चुलीजवळ वाळवायची. भाकरी हळूहळू गोल व्हायला लागली आणि ती दाखवायला कोणी नव्हतं. आईची पत्रं वळशाने यायची, आठ-आठ दिवसांनी. आणि त्या पत्रांत कोण? तर ही! "तुझी मैत्रीण दर रविवारी जेवायला येते. गुणी मुलगी. तिला आपल्याकडची वालाची उसळ फार आवडते. पाव मात्र चहाबरोबर चार-चार खाते." मी ते पत्र वाचून एकटीच मोठ्याने बोलले, "चार?" माझ्या आईच्या हातचं ती खात होती आणि तिने भरलेलं मी. इतका मत्सर मला कोणाचा कधी वाटला नाही, आणि तो नक्की कोणाचा वाटत होता, आईचा की तिचा, तेही धड कळत नव्हतं.

आगोट उतरत गेली. दर महिन्याला एक माळ. मी मुद्दाम मोजून खात नव्हते. भूक लागेल तेवढं खायची, कधी रागाच्या भरात जास्त. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुकटीच्या बरणीत हात घातला, कोरडा हात, तर तळाशी मूठभर. ती भाजली, त्यात कांदा घातला, भाकरीबरोबर खाल्ली आणि बरणी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी नारळ टाकला. त्यानंतर चार-सहा दिवसांनी दारावर कोळीण आली, पाटीत ताजे बोंबील.

मी त्या रिकाम्या बरणीपुढे बसून रडले. एकवीस वर्षं आईने वाढलं, पण ती अजून विचारायची, आणखी भात घालू का? आणि ही बाई, जिने मला एकदाही राहा म्हटलं नाही, तिला माझी भूक मुठीच्या हिशेबाने ठाऊक होती. नऊ बोंबील मोजल्या दिवसापासून ठाऊक होती. मग ही माया म्हणायची की नाही? आणि माया म्हणावी, तर मला चुलीपुढे बसवून भाकरी शिकवली ती मी कांद्याची पहिली माळ घेण्याच्या आधी की नंतर? आधी असेल तर मला इथे अडकवायला, नंतर असेल तर मी एकटी उपाशी राहू नये म्हणून. मी कितीदा आठवून बघितलं. कधी वाटतं आधी, कधी वाटतं नंतर.

पुढच्या मेमध्ये तिचं ट्रेनिंग संपलं. कुठे नेमणूक मागितली ते तिने लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पुन्हा नाही विचारलं! माणूस शिकतच नाही. पण मी कोळीवाड्यात गेले, बोंबील मोडून बघितले, सुकट फुंकून बघितली. कोळणीने विचारलं, "किती भरू?" मी म्हटलं, "दोघींची." ती म्हणाली, "दुसरी कोन येनार हाय?" मी म्हटलं, "भर तू."

वाशाला आठ माळा टांगल्या आणि तिला पोस्टकार्ड टाकलं. लिहिलं फक्त एवढंच, आठ माळा टांगल्यात. त्या भागातल्या माणसाला आणखी काही लिहायची गरज नव्हती, इतकं मी शिकले होते. आठवडाभर पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी जिन्यात. शेवटची लाँच सुटायच्या दोन दिवस आधी तिचं कार्ड आलं. दादरला एका शाळेत तिला जागा मिळाली होती. तुझ्या आईला भेटून आले, बरी आहे, असं होतं. आणि सगळ्यात खाली, त्या सरळ मास्तरणीच्या अक्षरात, "चार उतरव."

मी उतरवल्या नाहीत. वहिनी दोनदा म्हणाल्या, वाया जातील, मला तरी दे. दिल्या नाहीत. श्रावणात त्या माळांना कोंब फुटले. तोवर मी रोज दोन वेळा कांदा खाल्ला, कालवणात, भाकरीबरोबर, नुसता मीठ लावूनही. तरी शेवटची अर्धी माळ राहिलीच.